सोलापूरच्या उन्हाळ्यात गेमिंग पीसी: लवीचा थर, जाळी आणि ६० वॅट

आधी यंत्राची माहिती. रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सीपीयू), त्याच्यासोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड (जीपीयू), बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, समोर सपाट काच असलेली कॅबिनेट. जागा पूर्व भागातली, दुसरा मजला, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, एसी नाही. गल्लीत चादरीचे आणि टॉवेलचे माग सकाळपासून चालू. या नोंदींचं काम एकच: मे महिन्यात, पारा ४२-४३ च्या वर गेल्यावरही, हे यंत्र प्रोसेसरचा वेग (क्लॉक स्पीड) न सोडता चाललं पाहिजे, आणि त्यासाठी मोठा कूलर विकत न घेता किती मजल मारता येते ते पाहायचं.

मार्च अखेर: मोजमाप

मोजायची पद्धत ठरल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा काढू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडापासून हातभर पुढे, मागची गरम हवा पोचणार नाही अशा बाजूला ठेवायचा. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू. सीपीयूवर ताण देणारी सिनेबेंच आर२३ चाचणी पूर्ण १० मिनिटं. मग जीपीयूवर ताण देणारा एखादा गेम ३० मिनिटं, एकाच जागी उभं राहून, म्हणजे दृश्य बदलत नाही. वेळ रात्री ९ ची. आपल्याकडे खोली दुपारी ४ ला जेवढी तापते तेवढीच जवळजवळ रात्री ९-१० लाही असते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा उष्णता खाली सोडत असतो. गेमिंगही त्याच वेळी होतं.

तापमान नुसतं लिहू नका, खोलीपेक्षा किती वर ते लिहा. यूट्यूबवरचे बहुतेक कूलर-रिव्ह्यू २१ ते २५ अंशांच्या एसी खोलीत होतात. तिथे ७२ दाखवणारा सीपीयू आपल्या ३८ अंशांच्या खोलीत ८५ ते ८९ ला जातो. यात कूलर बिघडलेला नसतो, फक्त सुरुवात वरून झालेली असते. "माझा ७० ला चालतो, तुझा पेस्ट सुकलाय" असली उत्तरं (पेस्ट म्हणजे सीपीयू आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) जिकडेतिकडे मिळतात, आणि खोलीचं तापमान विचारल्याशिवाय दिलेलं असं उत्तर निरुपयोगी असतं. पुण्याच्या थंड खोलीतला आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवायचा असेल तर दोन्हीतून खोली वजा करा.

पहिली नोंद: खोली ३८. सीपीयू ४ मिनिटांत ९० ला टेकला आणि तिथेच थांबला. ५६०० ची कमाल मर्यादाच ९० आहे, त्यामुळे ती गाठली की तापमान वाढत नाही, वेग उतरतो. अशा वेळी "खोलीपेक्षा ५२ वर" या आकड्याला काही अर्थ नसतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर 'येस' आलंय का आणि सगळ्या कोअरचा वेग किती घसरला तेच पाहायचं. जीपीयू ८१, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ९७.

इथेच निदान करून घ्यावं, फार वेळ वाचतो. लोड दिल्याबरोबर पाच-दहा सेकंदांत तापमान टोकाला उडी मारत असेल, तर दोष बहुधा पेस्टमध्ये किंवा कूलर नीट न बसण्यात आहे. उडी साधारण असेल, पण पुढची १५-२० मिनिटं आकडा हळूहळू चढतच राहत असेल, तर हवेची वाट बंद झालेली आहे. जीपीयूसाठी आणखी एक खूण: साधं तापमान आणि हॉटस्पॉट यांतला फरक. इथे तो १६ आहे, म्हणजे चिप आणि हीटसिंक (तिच्यावर बसवलेला पात्यांचा धातूचा ठोकळा) यांचं नातं ठीक आहे. हाच फरक २५-३० वर गेला असता तर कार्ड उघडून पेस्ट बदलावी लागली असती. दोन्ही आकडे एकत्र वर गेलेत, तेव्हा कार्ड उघडायचं नाही, फक्त साफ करायचं.

एप्रिलचा पहिला आठवडा: थर सोलला

आपल्या शहरातली धूळ नुसती धूळ नसते. मागावर सुतं घासतात, टॉवेलची वेटोळी निघतात, त्यातून जी लव उडते ती गल्लीभर पसरते. कोरडी धूळ पात्यांतून आरपार निघून तरी जाते. लव अडकते, आणि तिच्या जाळ्यात मग धूळ बसते. सीपीयूचा पंखा काढल्यावर हीटसिंकच्या तोंडावर जाड नमद्यासारखा थर मिळाला. चिमट्याने कड उचलली की सबंध तुकडा निघतो, टॉवेलचा कोपरा फाडल्यासारखा. उजेडात धरला तर करड्या धुळीत निळे आणि मरून तंतू स्पष्ट दिसतात, चादरीच्या रंगाचे.

हा थर ब्लोअरने निघत नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. दुकानात नेलं की बाहेरून, पंख्याच्या बाजूनेच ब्लोअर मारतात. पंखा हवा ज्या दिशेने ढकलतो त्याच दिशेने ब्लोअर मारला तर लव पात्यांच्या आत आणखी घट्ट ठासली जाते. वरून साफ दिसतं, तापमान मात्र तसंच राहतं. योग्य क्रम असा:

१. पंखा हीटसिंकवरून वेगळा करा. थर हाताने किंवा चिमट्याने सोला, ब्रश मारू नका. ब्रशने तंतू तुटून आत जातात.
२. मग उलट दिशेने, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते तिथून, फूटभर अंतरावरून ब्लोअर मारा. यंत्र गच्चीवर किंवा अंगणात न्या.
३. कॅबिनेटचे आणि कार्डाचे पंखे बोटाने किंवा झिप टायने अडवून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज बोर्डाकडे पाठवते.
४. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. कोरड्या हवेत त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते.
५. पॉवर सप्लाय उघडायचा नाही. बाहेरूनच, बटण बंद करून, वायर काढून.

एएम४ (५६०० ज्यात बसतो ते सॉकेट) वाल्यांसाठी एक इशारा. कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेल्या पेस्टसकट सीपीयूच सॉकेटमधून उपटून येतो, पट्टी लॉक असली तरी, आणि खालच्या पिना वाकतात. आधी १० मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे सोडवा, मग कूलर डावी-उजवीकडे पिळत सैल झाल्यावरच उचला.

नोंद: खोली ३८, सीपीयू ८५, वेग टिकला. जीपीयू ७४, हॉटस्पॉट ८९. अजून एक रुपया खर्च झालेला नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा: जाळी, आणि फसलेला पहिला प्रयत्न

थर सोलून उपयोग नाही, पुढच्या महिन्यात तो परत येणार. लव बाहेरच अडवायला हवी. समोरची काच काढून बाजूला ठेवली. काचेच्या कॅबिनेटमध्ये हवा फक्त कडेच्या फटीतून शिरते, आणि आपल्या हवेत अशी कॅबिनेट विकत घेऊच नये असं ठाम मत आहे. रंगीत दिवे फोटोत दिसतात, पंखे मात्र गुदमरतात.

पहिला प्रयत्न: मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा दुहेरी थर थेट पंख्याच्या चौकटीवर ताणला. तापमान ३ अंशांनी वाढलं, पंखा घोंघावू लागला. कारण साधं आहे. १२० मिमीच्या गोलातून सगळी हवा ओढायची म्हणजे जाळीपाशी हवेचा वेग जास्त, आणि वेग जास्त तर अडथळा जास्त.

दुसरा प्रयत्न: तीच जाळी, एकेरी, पण कॅबिनेटच्या अख्ख्या तोंडावर, पंख्यांपासून २-३ सेंटीमीटर पुढे. चौकट ॲल्युमिनियमच्या पट्टीची, कॅबिनेटला वेल्क्रोने चिकटवलेली. क्षेत्रफळ वाढलं, वेग उतरला, ३ अंश परत मिळाले. या जाळीच्या आत कॅबिनेटची मूळ बारीक फिल्टर तशीच ठेवली आहे. बाहेरची जाळी लव धरते, आतली धूळ. नुसती बारीक फिल्टर लावली तर चार दिवसांत लवीने बुजते.

पंखे: पुढे दोन आत ओढणारे १२०० आरपीएमवर, मागे एक बाहेर टाकणारा ८०० वर. आत येणारी हवा जास्त हवी, म्हणजे उरलेल्या सगळ्या फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते आणि लव फक्त जाळीतून येऊ पाहते. तपासायला उदबत्ती पुरते. मागच्या पीसीआय पट्ट्यांजवळ (कार्डांच्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या) धरा. धूर बाहेर लोटला जात असेल तर जमलं, आत ओढला जात असेल तर मागचा पंखा आणखी हळू करा.

आवाजाबद्दल: फॅन कर्व्हचे (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचे) बहुतेक सल्ले आवाज कमी करण्यासाठी लिहिलेले असतात. शेजारी माग चालू असताना १२०० आरपीएमचा पंखा ऐकूसुद्धा येत नाही. दिवसा कर्व्ह खुशाल चढी ठेवा. खाली माग असेल तर मात्र कॅबिनेटच्या पायाखाली जाड रबर घाला. जमिनीचा हादरा सतत बसला की पंख्यांचे स्क्रू ढिले होतात, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर तिला तो मुळीच सोसत नाही.

एप्रिल अखेर: ६० वॅट

सगळ्यात मोठा फरक इथे पडला, तोही बायोसमध्ये पाच मिनिटांत. ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो सॉकेटमधून ७६ वॅटपर्यंत घेतो. बायोसच्या प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह मेनूमध्ये लिमिट्स मॅन्युअल करून पीपीटी, म्हणजे सॉकेटमधून घ्यायच्या विजेची मर्यादा, ६० केला. काही बोर्ड हा आकडा वॅटमध्ये मागतात, काही मिलिवॅटमध्ये. दुसऱ्या प्रकारात ६०००० भरायचे, नाहीतर यंत्र रांगत चालतं. ए३२० आणि ए५२० बोर्डांवर हा मेनू सहसा नसतो. तिथे ४५ वॅटचा इको मोड सापडतो का पाहा.

जोडीला कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करायची सोय), सगळ्या कोअरना उणे १५. उणे ३० वर उडी मारू नका. चुकीच्या आकड्याची गंमत अशी की सिनेबेंच व्यवस्थित पूर्ण होतं आणि यंत्र रिकामं पडलेलं असताना रीस्टार्ट होतं, कारण कमी लोडवर एखादाच कोअर सर्वात वरच्या वेगाला जातो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकीची नोंद), क्रमांक १८ दिसला की समजा, आणि ५ ने मागे या.

खोली ३९, सीपीयू ७५. खोलीपेक्षा ३६ वर. सिनेबेंचचा स्कोअर थोडा उतरला. गेममध्ये फरक सापडला नाही, कारण गेम सहाही कोअर पूर्ण पिळत नाहीत.

जीपीयूला एएमडीच्या एड्रेनलिन सॉफ्टवेअरमधून कमाल फ्रिक्वेन्सी २३०० मेगाहर्ट्झ आणि व्होल्टेज ११५० वरून ११०० मिलिव्होल्ट. पण याहून जास्त गुण फ्रेमवर मर्यादा घालण्यात आहे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असताना व्हॅलोरंट गेम सेकंदाला ३०० फ्रेम काढत बसतो, आणि मेनूचा पडदासुद्धा कार्ड पूर्ण ताकदीने रंगवत असतं. १४१ वर बांधा. जड गेम ६० किंवा ७५ वर. खोलीत एसी नसेल तर कार्डाने घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीतच उतरतो, आणि बसणारा माणूसही त्याच खोलीत असतो.

मे: पेस्टच्या जागी पीटीएम

हनीवेलचं पीटीएम७९५०, म्हणजे पेस्टऐवजी पातळ पत्रा, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरणारा. वारंवार तापणं-निवणं झालं की पातळ पेस्ट कडेला सरकते, हा पत्रा सरकत नाही, म्हणून आपल्या हवेला तो बरा. मात्र ४० अंशांच्या खोलीत तो आधीच लिबलिबीत असतो. वरची फिल्म सोलायला गेलं की पत्राच फाटतो. पाकिटासकट फ्रिजमध्ये १५ मिनिटं ठेवा, कडक झाल्यावर सीपीयूच्या झाकणाएवढा कापा, एका बाजूची फिल्म काढून लावा, वरची फिल्म एका कोपऱ्यातून झटक्यात ओढा. आधी झाकण आणि कूलरचा तळ ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला हवा.

पहिल्या दिवशी फरक शून्य होता. तीन-चार वेळा पूर्ण तापून थंड झाल्यावर खोली ४० असताना ७३ आला, म्हणजे ३३ वर.

डेझर्ट कूलर

बऱ्याच घरांत मेमध्ये हाच चालतो, आणि कोरड्या हवेत खोली खरोखर उतरवतो, तेही समोरची खिडकी उघडी असेल तरच. पण त्याचा झोत यंत्रावर कधीही नको. बोअरचं पाणी जड असतं. पॅडवरून उडालेले बारीक थेंब सुकले की पांढरी पूड उरते, आणि ती जाळीवरच्या लवीत बसली की थर दगडासारखा होतो, झटकून जात नाही. पीसी झोताच्या रेषेतून बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, पाठ भिंतीपासून १५ सेंटीमीटर सोडून.

बाहेरची जाळी दर चौथ्या दिवशी वेल्क्रोवरून काढून कोरडीच झटकायची. लव एकाच चादरीसारखी गुंडाळून येते. पंधरवड्याने साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच लावायची. तीन आठवड्यांनी हीटसिंक उघडून पाहिला: पात्यांवर बारीक धूळ आहे, तंतू बोटावर मोजण्याइतके. मागच्या बाजूला एका रिकाम्या स्क्रूच्या भोकाजवळ मात्र निळ्या सुताचा छोटा झुबका सापडला, तिथे टेप लावली आहे.