थाई भाषेत मन कुठे ठेवायचं

थाई शिकण्याचं बरंचसं साहित्य इंग्रजीतून लिहिलेलं असतं आणि त्यात 'चै' या शब्दापुढे 'हृदय' असा अर्थ दिलेला असतो. मराठी माणसानं तो खोडून सरळ 'मन' लिहावं. छातीत धडधडणाऱ्या हृदयाला थाईत 'हुआ चै' म्हणतात. नुसतं चै म्हणजे आपलं मनच, मोठं होणारं, खट्टू होणारं, कुणाला दिलं जाणारं. 'चै क्वांग' म्हणजे रुंद मनाचा, उदार. 'चै खॅप' म्हणजे अरुंद मनाचा, आपण ज्याला कोत्या मनाचा म्हणतो तो.

उच्चाराबाबतही आपली लिपी जास्त कामाची आहे. रोमन अक्षरांत हा शब्द 'जै' वाचला जाईल असा लिहितात, पण तो चैत्रातला चै आहे. थाई वर्णमाला आपल्यासारखीच क-वर्ग, च-वर्ग अशी चालते आणि या शब्दातलं व्यंजन बरोबर च च्या जागी बसतं. त्याला लागणारं 'ऐ'चं चिन्ह तर खास आहे. थाईत 'ऐ' लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत, त्यातली ही फक्त 20 शब्दांत वापरतात. ते शब्द लक्षात राहावेत म्हणून शाळेत मुलांकडून एक पद्य पाठ करून घेतात. मीही ते पाठ केलं आहे.

आता मुख्य गोष्ट. मला स्वभावाचे आणि मनःस्थितीचे शब्द वेगवेगळे हवे होते. एखादी बाई रागीट आहे आणि एखादी बाई आज रागावली आहे, यात जमीन-अस्मानाचा फरक. थाईमध्ये शब्दांना प्रत्यय लागत नाहीत, रूपं बदलत नाहीत, मग हा फरक दाखवायचा कसा? तर मनाची जागा बदलून. चै आधी आलं की बहुधा स्वभाव, चै नंतर आलं की त्या वेळची अवस्था. 'चै दी' म्हणजे चांगल्या मनाचा, दयाळू. 'दी चै' म्हणजे आनंद झाला. 'चै रॉन' म्हणजे उतावळा, तापट, 'रॉन चै' म्हणजे जीव टांगणीला लागलेला. 'चै ऑन' म्हणजे मऊ मनाचा, कुणी दोनदा विनवलं की विरघळणारा, आणि 'ऑन चै' म्हणजे हताश, थकून गेलेला. मराठीत आपण हेच काम 'हळव्या मनाचा' आणि 'मन हळवं झालं' असं करतो.

माझ्या ख्रूनं (हा शब्द आपल्या गुरूचाच) यासाठी एक चाचणी सांगितली. शब्द 'पेन खोन' म्हणजे 'अमुक माणूस आहे' याच्या पुढे ठेवून पाहायचा. तिथे शोभला तर तो स्वभाव. 'रू सुक' म्हणजे 'वाटतं' याच्या पुढे शोभला तर ती भावना. तेव्हापासून वहीत मी प्रत्येक नव्या शब्दाची दोन वाक्यं करते आणि बाईंना मोठ्यानं वाचून दाखवते. अपवाद निघतातच. 'चै हाय' म्हणजे काळजात धस्स होणं. हा कुणाचा स्वभाव नाही, तरी मन पुढे आहे. क्रम उलटून 'हाय चै' म्हटलं तर अर्थ होतो श्वास घेणं! असे शब्द जसेच्या तसे पाठ करावे लागतात, इलाज नाही.

सगळ्यात लाडकी जोडी मात्र नॉय चै आणि चै नॉय. 'नॉय' म्हणजे थोडं, कमी. आपल्या माणसानं आपली दखल घेतली नाही, वाढदिवस विसरला, दुसऱ्याला आधी विचारलं, की जे वाटतं ते नॉय चै. परक्यावर माणूस चिडतो, नॉय चै व्हायला आपुलकी लागते. आणि ज्याला असं ऊठसूट वाटतं तो चै नॉय. यालाच लागून 'ङॉन' हा शब्द येतो. ङॉन म्हणजे रुसणं, समोरच्यानं समजूत काढावी या अपेक्षेनं रुसणं. आणि ती समजूत काढणं म्हणजे 'ङॉ'. इंग्रजी अर्थ वाचून इथे काहीच हाती लागत नव्हतं. रुसवा आणि मनधरणी म्हटलं आणि दोन्ही शब्द कायमचे बसले. शिवाय मराठी वर्णमालेत ज्या ङ ने आपला एकही शब्द सुरू होत नाही, त्यानं सुरू होणारे शब्द तोंडात घोळवायला मला फार आवडतं.

पाली-संस्कृतातून गेलेल्या शब्दांपाशी मात्र मराठी माणसानं जपून राहावं. क्रोध तिथे 'क्रोत' होऊन रागच राहिला आहे. पण मोहाचा 'मोहो' झाला आणि तोही राग. 'इट्छा' ही मूळची इच्छा, पण अर्थ मत्सर. 'सोङसान' लिहिताना अक्षरं संसाराची आणि अर्थ कीव. याचा मी खूप वेळ विचार केला आहे. बौद्ध संसारचक्रात फिरणाऱ्या जिवाकडे पाहून येणारी करुणा त्यात उतरली असावी, असं मला वाटतं. मूडला 'आरोम' म्हणतात आणि स्वभावाला 'निसै'. दोन्ही पालीतून आलेले. 'आरोम दी' म्हणजे आज स्वारी खुशीत आहे.

राहिला 'खी'. मूळ अर्थ विष्ठा, मळ. कानातल्या मळालाही खी लागतो आणि राखेलाही. हाच खी भावनेच्या आधी लावला की ती भावना माणसाची खोड होते. 'आय' म्हणजे लाजणं, 'खी आय' लाजाळू. 'बोन' म्हणजे कुरकुरणं, 'खी बोन' कुरकुऱ्या. ङॉनला लावला की 'खी ङॉन', सारखा रुसणारा. दयाळूपणाला कुणी खी लावत नाही, तो उण्या बाजूकडेच झुकतो. तरी लाजाळू माणसाला खी आय म्हणताना आवाजात माया असू शकते, हे थाई मालिका पाहताना ऐकू येतं.

आणि 'क्रेंग चै'. क्रेंग म्हणजे भिणं, धाक वाटणं. समोरच्याला त्रास होईल म्हणून मदत न मागणं, पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा भात न घेणं, थोरांना नाही म्हणता न येणं, हे सगळं यात येतं. परदेशी लोक यावर पानंच्या पानं लिहितात. आपल्याकडे यासाठी भीड आहे, आणि तिच्यातही ती भीती ऐकू येतेच. खी लावून 'खी क्रेंग चै' केलं की सरळ भिडस्त.