घड्याळाशिवाय शर्यत: ऑलिंपियाच्या पंचांची डोकेदुखी

प्राचीन ग्रीसमधल्या ऑलिंपियात मूळचे ऑलिंपिक खेळ भरत. तिथल्या विजेत्यांची यादी परंपरेनुसार इ.स.पू. 776पासून सुरू होते. पहिलं नाव ऑलिंपियाजवळच्या ईलिसच्या कोरोइबोसचं, धावण्याच्या शर्यतीसाठी. तो किती वेळात धावला हे यादीत नाही, आणि पुढच्या विजेत्यांचंही नाही. सेकंद मोजायला साधन नव्हतं, हे उघड आहे. पण जे मोजता आलं असतं, तेही जागोजागी वेगळं होतं. शर्यत 600 फुटांची, मात्र फूट ज्याच्या त्याच्या गावचा: ऑलिंपियात ते अंतर 192 मीटर भरतं, डेल्फीच्या मैदानात 178 मीटरच्या आसपास. उत्खननात सापडलेल्या, थाळीफेकीच्या थाळ्यांपैकी काही दीड किलोच्या, तर काही सहा किलोंच्याही पुढच्या. अशा परिस्थितीत विक्रम कसला आणि तो मोडणार कोण? त्या दिवशी त्या मैदानावर पहिला कोण आला, एवढंच खरं. त्यामुळे सगळी भिस्त सुरुवात सारखी होण्यावर, जोड्या लावण्यावर आणि पंचांच्या नजरेवर.

सुरुवातीची रेषा दगडी होती. मैदानाच्या आडव्या रुंदीत बसवलेल्या फरशीत दोन समांतर खाचा कोरलेल्या असत, त्यांत पायांची बोटं रुतवायची. दोन्ही खाचांमधलं अंतर जेमतेम वीतभर, म्हणून आजच्यासारखं खाली वाकून बसणं नाही. धावपटू उभाच, किंचित पुढे झुकलेला, हात पुढे. ऑलिंपियाच्या रेषेवर सुमारे वीस जण मावत. आधी सुटणाऱ्याला फटके बसत. गुलामांना द्यायची ती शिक्षा स्वतंत्र नागरिकाला आणि तीही हजारो लोकांदेखत! तरीही लोक आधी सुटत, कारण 192 मीटरच्या शर्यतीत अर्ध्या पावलाचा फायदाही पुरेसा होतो.

मग यंत्रं आली. कोरिंथजवळच्या इस्थमियातही खेळ भरत, तिथल्या जुन्या मैदानात दगडी त्रिकोणी फरशी सापडली आहे. तिच्या टोकाशी एका खड्ड्यात सुरुवात देणारा उभा राहायचा. त्याच्या हातातून 16 दोऱ्या फरशीतल्या खाचांमधून एकेका खांबापर्यंत जायच्या. दोरी सैल सोडली की खांबावरची आडवी दांडी खाली पडे आणि वाट मोकळी होई. कल्पना छान, पण गोम अशी की कडेच्या दोऱ्या मधल्यांपेक्षा लांब आणि जास्त तिरक्या. घर्षण सारखं नाही, म्हणजे दांड्या एकाच क्षणी पडतील याची खात्री नाही. ही रचना फार काळ टिकली नाही, फरशी पुढे बुजवून टाकली.

नंतरचं यंत्र मात्र खरंच हुशारीचं. रेषेच्या दोन टोकांना एकेक खांब, आणि त्यांच्यामध्ये धावपटूंपुढे आडवे ताणलेले दोन दोर, एक गुडघ्याच्या आणि एक कमरेच्या उंचीला. खांबांचे बुंधे पिळलेल्या दोरखंडात बसवलेले असत. दगडफेकी यंत्रात हाच पिळाचा जोर वापरत. मागे उभ्या माणसाने ओढ दिली की दोन्ही खांब पुढच्या बाजूला आदळत आणि दोर सगळ्यांसमोर एकदमच जमिनीवर पडत. आता दोर प्रत्येकासाठी वेगळा नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच मिटला. जो घाई करेल तो दोरात अडकून पडेल.

रथांसाठी ऑलिंपियात उलट युक्ती होती. तिथली सुरुवातीची जागा जहाजाच्या नाळेसारखी निमुळती. दोन्ही बाजूंना रथांचे कप्पे. सर्वांत मागच्या, म्हणजे कडेच्या रथांसमोरचे दोर आधी सुटत. ते पुढच्या जोडीच्या बरोबरीला आले की तिचे दोर सुटत, आणि टोकापर्यंत येता येता सगळे एका ओळीत. याचा कर्ता क्लेओइतास.

कुस्ती, मुष्टियुद्ध आणि पँक्रेशन (दोन्हींचं मिश्रण असलेली झुंज) यांत वजनी गट नव्हते, त्यामुळे जोडी कुणाशी लागते यावर बरंच काही ठरे. चांदीच्या घड्यात घेवड्याच्या दाण्याएवढ्या सोंगट्या टाकत. दोन सोंगट्यांवर एकच अक्षर, पुढच्या दोनांवर दुसरं. प्रत्येक जण प्रार्थना करून एक उचले, आणि शेजारी उभा असलेला चाबूकवाला त्याचा हात धरून ठेवी, अक्षर वाचू देत नसे. सगळ्यांच्या निघाल्या की अधिकारी फिरून जोड्या लावी. खेळाडू विषम संख्येत असले तर एकाला पुढे चाल मिळे, आणि तो ताज्या दमाने दमलेल्यासमोर उतरे. हे अन्यायाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच काही विजेत्यांच्या शिलालेखांत ‘पुढे चाल न घेता जिंकला’ असं मुद्दाम कोरलेलं आहे.

वयाचाही घोळ होताच. मुलगे आणि पुरुष असे ऑलिंपियात दोनच गट, आणि जन्माचा दाखला नाही. पंच बघून ठरवत. ऱ्होड्सच्या अठरा वर्षांच्या निकासिलोसला त्यांनी मुलांच्या कुस्तीतून काढलं. तो पुरुषांत उतरला आणि जिंकला.

लाच देणाऱ्यांना दंड होई. इ.स.पू. 388मध्ये थेसलीच्या युपोलोसने तीन मुष्टियोद्ध्यांना पैसे चारले. दंडाच्या रकमेतून देवराज झ्यूसचे सहा ब्राँझचे पुतळे घडवून मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर उभे केले, म्हणजे आत शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते दिसावेत. पुढे त्यांत भर पडत गेली, यावरून धाक किती बसला ते कळतं.

पण खरी अडचण पंचांचीच होती. ते सगळे खेळ भरवणाऱ्या ईलिसचे, आणि ईलिसचे खेळाडूही स्पर्धेत. इ.स.पू. 396च्या शर्यतीत दोन पंचांनी ईलिसच्या युपोलेमोसला कौल दिला, तिसऱ्याने अंब्रेकियाच्या लिऑनला. लिऑनने ऑलिंपिक सभेकडे दाद मागितली. सभेने त्या दोन पंचांना दंड केला. यादीत नाव मात्र युपोलेमोसचंच राहिलं. पुढे इ.स.पू. 372मध्ये त्रोइलोस नावाचा ईलिसचा गृहस्थ स्वतः पंच असताना रथशर्यतीत घोडे उतरवून जिंकला. त्यानंतर पंचांनी घोडे उतरवू नयेत असा नियम झाला. ईलिसच्या इतर नागरिकांवर बंदी आली नाही, आणि पंचही ईलिसचेच राहिले.