सोपं लिहिलं की बाळबोध होतं का?

संपादनाचं काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सोपं करायच्या नादात मजकूर बाळबोध होत नाही का?" विचारणारे बहुधा स्वतः चांगलं लिहिणारे असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मध्यंतरी एका सूचनापत्रात हे वाक्य आलं: 'विहित मुदतीत कागदपत्रे सादर न केल्यास अर्जाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' व्याकरणात खोट नाही. पण विहित मुदत म्हणजे किती दिवस? योग्य ती कार्यवाही म्हणजे कोणती? आणि ती करणार कोण? 'करण्यात येईल'ची गंमतच ही, की कर्ता अलगद गायब होतो आणि वाक्य उलट भारदस्त दिसतं. मी समासात तीन प्रश्न लिहून मजकूर परत पाठवला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. अर्ज बाद करायचा की नुसता बाजूला ठेवायचा, हे तिथे कुणी ठरवलंच नव्हतं! शेवटी छापलं ते असं: 'हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कागदपत्रं द्या. न दिल्यास आम्ही तुमचा अर्ज बंद करू आणि तुम्हाला नवा अर्ज करावा लागेल.' याला बाळबोध म्हणायचं तर खुशाल म्हणा.

वाक्यं तोडून लहान केली की झालं, असंही नाही. इंग्रजीसाठी रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ सालचं वाचनीयतेचं सूत्र आहे. ते वाक्यातले शब्द आणि शब्दांतले उच्चारघटक मोजून मजकुराला गुण देतं. त्याच वाक्यातले शब्द उलटसुलट फेकले तरी गुण तेच! सुबोध भाषेबद्दल २०२३ साली आलेलं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक मला जास्त पटतं: वाचकाला हवं ते सहज सापडावं, कळावं आणि वापरता यावं. सापडणं आधी. म्हणून माझं निम्मं काम शब्द बदलण्याचं नसतंच. तिसऱ्या पानावर दडलेली शेवटची तारीख उचलून पहिल्या ओळीत आणण्याचं असतं.

तुमच्या शंकेत तथ्य मात्र आहे, आणि ते मला माझ्याच चुकीने शिकवलं. कर्जाच्या एका पत्रात 'देय रक्कम' आणि 'थकीत रक्कम' असे दोन शब्द होते. दोन्हींच्या जागी मी 'बाकी' घातलं आणि स्वतःवरच खूश झाले. मूळ लेखकाने शेजारी एवढंच लिहिलं: "मग दंड कशावर लावायचा?" देय म्हणजे भरायची आहे ती, थकीत म्हणजे तारीख उलटूनही न भरलेली. दोन्ही शब्द मुकाट्याने परत घातले. 'थकीत'पुढे फक्त 'मुदत उलटून गेलेली' एवढी फोड केली.