तिथीची पाऊणपट

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. आमची शाळा नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या पट्ट्यात, खाडीपासून चालत जाता येईल इतकी जवळ. वर्गात कोळीवाड्यातली मुलं आहेत, दिघ्याकडच्या डोंगरालगतच्या वस्तीतली वडार आणि बंजारा घरांतली आहेत, एपीएमसी मार्केटात माथाडी काम करणाऱ्या सातारकरांची आहेत, बिहारमधून आलेली आहेत, आणि परभणीहून आलेल्या एका मुस्लिम कुटुंबातली मुलगी आहे. मी लातूरकडची. खाडी पाहिली ती इथे नोकरी लागल्यावरच.

त्या दिवशी फळ्यावर पृथ्वी, चंद्र, सूर्य काढून झाले होते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, हे मी सांगत होते. शेवटच्या बाकावरून कोळीवाड्यातला मुलगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "आज साडेसातला." मी विचारलं, काय साडेसातला? "पाणी भरणार, बाई. सकाळी भरलं, आता रात्री परत." कशावरून? "आज दशमी ना. तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात."

हा मुलगा गणिताच्या तासाला अपूर्णांक आले की मान खाली घालून बसतो. आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस दांडी ठरलेली, कारण आजोबांबरोबर होडीवर जायचं असतं. डब्यात सुकट असली की शेजारची मुलं नाक मुरडतात, म्हणून हल्ली तो डबा आणतच नाही. एरवी त्याचा आवाज ऐकू येत नाही तो त्या दिवशी आला.

मी मोबाइल काढून मुंबईच्या भरतीची वेळ पाहिली. आठच्या आसपास होती. वर्गात लगेच कालवा झाला, "चुकला, चुकला!" तो लाल झाला आणि म्हणाला, "आजोबा कधी चुकत नाहीत."

अशा वेळी बाईंनी काय करायचं? "शाब्बास, छान माहिती सांगितलीस" म्हणून पुढचं पान उलटता आलं असतं. किंवा मोबाइल बरोबर, आजोबा चूक, असा निकाल देता आला असता. दोन्हींत त्या अर्ध्या तासाचं काय झालं हे कळलंच नसतं, आणि मला तर तोच अर्धा तास महत्त्वाचा वाटला. मी मुलांना म्हटलं, आजोबांनाच बोलावू.

मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली, पालकांची संमतीपत्रं आली, सोबत आणखी दोन शिक्षक मिळाले. दिवस ठरला तो संकष्टीचा. शाळेच्या वेळात भरती गाठायची तर चतुर्थी सोयीची, चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला जेट्टीवर पोचायचं आणि त्याआधी आजोबांनी वर्गात यायचं.

आजोबा आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत, खिडकीला टेकून उभे राहिले. "काय सांगू? पानी कवा येल ते मोजायला कागद लागत नाय," असं म्हणाले आणि मग पाऊण तास बोलले. अवस आणि पुनव, या दोन दिवसांच्या आसपास उधाण. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, ओढ असते, बोकशीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, मासळी त्या ओढीनेच येते. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी सुस्त, जाळं नुसतं लोंबतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की बायका कालवं काढायला उतरतात, चिखलातले मासे, निवट्या, धरायच्या त्याही तेव्हाच. हे सगळं त्यांनी तिथीवर सांगितलं. घड्याळाची वेळ एकदाच आली, पुनव-अवसेला भरती बाराला.

पुस्तकातल्या आकृतीत सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की भरती मोठी, काटकोनात आले की लहान. तीच आकृती फळ्यावर होती. मी फक्त आजोबांचे दोन शब्द त्या दोन आकृत्यांखाली लिहिले, उधाण आणि भांग. पुढचं मुलांनीच जुळवलं.

मग मी विचारलं, तिथी आणखी कुणाच्या घरात मोजतात? मला वाटलं होतं एक-दोन हात वर येतील. सातारकर मुलगी म्हणाली, आजी एकादशी धरते. बिहारच्या मुलाने सांगितलं की छठ म्हणजे कार्तिकातली षष्ठी, संध्याकाळच्या अर्घ्याला तो आईबरोबर पाण्यात उभा राहतो. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला, सहाची पाऊणपट साडेचार, "म्हणजे अर्घ्याच्या वेळी पाणी उतरायला लागलेलं असणार!" कुणी दीड दिवसाच्या गणपतीचं सांगितलं, कुणी अनंत चतुर्दशीचं, साडेदहा. नारळी पौर्णिमेचं नाव निघालं तशा कोळीवाड्यातल्या सगळ्या पोरी एकदम बोलल्या.

परभणीकडची मुलगी हात वर करू का नको अशी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तशी म्हणाली, "बाई, आमच्यात पण चाँदची तारीख असते. आज सतरा." वर्गाला वाटलं तिचं काहीतरी चुकलं, कारण कृष्ण चतुर्थी म्हणजे अमावास्येपासून मोजली तर एकोणिसावी तिथी. दोन दिवसांचा फरक कसा? हे मात्र मला नीट समजावता आलं. तिथी मोजायची ती अमावास्या संपल्या क्षणापासून. तिच्या घरी महिना सुरू होतो चाँद डोळ्यांना दिसल्यावर, आणि तो दिसायला एक-दोन दिवस जातात. तिने लगेच रीत बनवली, चाँदच्या तारखेत दोन मिळवायचे, पंधराच्या वर गेलं तर पंधरा वजा करायचे, मग पाऊणपट. सतरा आणि दोन एकोणीस, वजा पंधरा, चार. चारची पाऊणपट तीन. कधी दोनऐवजी एकच मिळवावा लागेल, हेही तिनेच पुढे जोडलं. आजोबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चंद्र येकच हाय बाय."

खरा प्रश्न विचारला तो दिघ्याच्या वस्तीतल्या मुलीने. वडील दगडखाणीत होते, आता बांधकामावर जातात. ती वहीत काहीतरी मांडत होती. उठून म्हणाली, "आजोबा, पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण तुम्ही म्हणालात पुनवेला बाराला. मग पाऊण तास गेला कुठे?"

वर्ग शांत. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांना राग येईल अशी थोडी धास्ती होती, म्हाताऱ्या माणसाला भर वर्गात उलट प्रश्न. ते हसले. "पुनव-अवसेला बारा, ते धरूनच चालायचं. तितनं फुडं मोजायचं. मागचं जोडायला जायचं नाय." म्हणजे ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि दर पंधरवड्याला नव्याने सुरुवात करून त्यांनी ती निभावलीही होती.

मग फळ्यावर हिशेब केला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथ्या, तेवढ्यात भरती १२ तास पुढे सरकते. १२ तासांची मिनिटं ७२०, भागिले १५, एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथ्यांची ४५. हरवलेला पाऊण तास सापडला! मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, दशमी!" दहा गुणिले ४८ म्हणजे ४८० मिनिटं, बरोबर आठ तास. मोबाइलने त्या दिवशी दाखवली होती तीच वेळ. पुस्तकात ५० का आणि इथे ४८ का, हेही एकाने विचारलं. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, म्हणूनच पंचांगात अधूनमधून एखादी तिथी क्षय होते. सातवीच्या वर्गात क्षयतिथीपर्यंत जाईन असं मला कधी वाटलं नव्हतं.

आजोबा शेवटी म्हणाले, "तीन मिनिटांनी होडी अडत नाय. पन पोरगी हुशार हाय."

जेट्टीवर पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. मुलांनी पायऱ्यांवर खडूने खुणा केल्या आणि दर पाच मिनिटांनी कुठली खूण बुडाली ते लिहायला बसली. आजोबांच्या रीतीने तीन, फळ्यावरच्या हिशेबाने तीन बारा. तीन वाजले, पाणी चढतंच. सव्वातीन झाले, तरी चढतंच. बिहारचा मुलगा म्हणाला, "दोन्ही हिशेब चुकले." तेव्हा शेवटच्या बाकावरचा तो मुलगा सगळ्यांसमोर बोलला, न विचारता. "ती वेळ तोंडाची, समुद्राकडची. पाणी तिकडून चढत इथवर येतं, म्हणून इथे मागून. ठाण्याकडे अजून मागून." पावणेचारच्या सुमारास पाणी थबकलं. थोड्या वेळाने वरची खूण पुन्हा कोरडी दिसू लागली.

परत येताना एका मुलाने विचारलं की मग पावसाळ्यात आमच्या सेक्टरमध्ये पाणी तुंबतं ते याच्यामुळेच का? त्याचा प्रश्न बरोबर होता. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीत भराव टाकून केलेला, काही ठिकाणी तर भरतीच्या पातळीच्याही खाली. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने म्हणून धारण तलाव बांधले. भरती असली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की काय होतं, ते त्या मुलाच्या घरच्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलेलं आहे.

हे सगळं लिहिण्याचं कारण आहे. मुलांच्या घरची संस्कृती वर्गात आणा, असं आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, आणि आपण काय करतो? एक दिवस ठरवतो, मुलं नऊवारी, लुगडी, घागरे घालून येतात, कोळीनृत्य होतं, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी भूगोल होता तसाच. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ साली या विचाराची मांडणी केली तेव्हा तीन गोष्टी मागितल्या होत्या. मूल अभ्यासात खरोखर पुढे गेलं पाहिजे, आपल्या संस्कृतीशी त्याचं नातं टिकलं पाहिजे, आणि भोवतालच्या व्यवस्थेला प्रश्न विचारायची ताकद त्याच्यात आली पाहिजे. आपण मधलीच तेवढी उचलली, तीही वेशभूषेपुरती. आजोबांच्या ज्ञानाला हार घालून बाजूला बसवलं असतं तर तो मान ठरला नसता. त्यांचं गणित फळ्यावर मांडलं, तपासलं, त्यात तीन मिनिटांची फट सापडली, आणि जिथे आमचा हिशेब तोकडा पडला तिथे त्यांच्याच नातवाने तो पुरा केला. मला मान म्हणायचं ते याला.

एका दिवसाने जादू होत नाही. तो मुलगा अजूनही होडीवर जातो, नकाशातले अक्षांश-रेखांश त्याला अजून अवघड जातात. हजेरीबद्दल त्याच्या घरच्यांशी माझं बोलणं चालू आहे. शिकण्याचा त्याचा हक्क भरतीच्या वेळेवर सोडता येणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. पण पाऊणपटीवरून पुढे तीन-चतुर्थांश गुणिले दहा हे गणित त्याने गणिताच्या बाईंना करून दाखवलं. डबाही परत आणायला लागला आहे.

आता सहावीला खडकांचा धडा येतोय. दिघ्याच्या त्या मुलीच्या वडिलांना मी बोलावलं तर म्हणाले, मी शाळेत गेलेला माणूस नाही, पोरांना काय शिकवणार? मी त्यांना मुलांनी लिहून दिलेले प्रश्न वाचून दाखवले. पहिलाच होता, घाव घालण्याआधी दगड कुठून फुटणार हे कसं ओळखता? त्यावर ते तिथेच उभ्या उभ्या अर्धा तास बोलले, आणि येतो म्हणाले.