दुरांगोची ओसरी

आळंदी ते पंढरपूर दोनदा चाललो होतो, त्यामुळे स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेला निघताना अंगात जरा गुर्मीच होती. उत्तरेकडची वाट बास्क मुलखातून जाते. तिथल्या चढउतारांनी ती चार दिवसांत उतरवली. पाचव्या दिवशी मार्किनाहून गेर्निका, पंचवीसेक किलोमीटर, सगळा चिखल. दोन्ही टाचांना फोड. मुक्कामावर वारीतली युक्ती केली, फोडातून सुईने दोरा ओवून तसाच ठेवला, तर शेजारच्या खाटेवरचा पोरगा तोंड फिरवून बसला.

गेर्निका आपल्याला पिकासोच्या चित्रामुळे माहीत. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गाव जाळलं. पण मुक्काम सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘त्याआधी दुरांगो झालं. तिकडे कोणी जात नाही.’’

पायांना विश्रांती हवीच होती. दुसऱ्या दिवशी यात्रेची वाट दाखवणारे पिवळे बाण सोडले आणि आमोरेबिएताला गाडी बदलून दुरांगोला उतरलो. वारीत दिंडी सोडून असं भटकलो असतो तर विणेकऱ्यांची बोलणी खाल्ली असती.

सांता मारिया दे उरिबारी या चर्चसमोर जाड तुळयांची अवाढव्य लाकडी ओसरी आहे. आपला सभामंडपच म्हणा. पाऊस आला की गावानं खाली यावं अशी. म्हातारे टेकले होते, पोरं चेंडू खेळत होती. मीही बूट काढून बसलो.

३१ मार्च १९३७, ईस्टरनंतरचा बुधवार. फ्रँकोच्या बाजूच्या जनरल मोलाची बिल्बाओ शहरावरची चढाई त्याच दिवशी सुरू झाली. सकाळी साडेआठच्या सुमारास, आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना, इटालियन विमानं आली. छत भाविकांवर आणि मिस्सा सांगणाऱ्या फादरवर कोसळलं. जेझुइटांच्या चर्चमध्येही एक फादर मारले गेले, सांता सुसाना मठातल्या धर्मभगिनीही. संध्याकाळी विमानं पुन्हा आली. मृतांची संख्या किमान ३३६.

आणि हे करणारे स्वतःला धर्माचे रक्षक म्हणवत होते! मेलेली माणसं सकाळी देवळात जाणारी, काकड आरती न चुकवणाऱ्या आपल्या आज्ज्यांसारखी. वर फ्रँकोच्या बाजूने सांगितलं गेलं की चर्च ‘लालांनीच’, म्हणजे सरकारच्या बाजूच्या डाव्यांनीच, उद्ध्वस्त केली. गेर्निकाबद्दलही तेच सांगितलं. पुढे १९७५ पर्यंत राज्य त्यांचंच. ज्या घरातलं माणूस ढिगाऱ्याखाली गेलं, त्या घराने खरं कुठे बोलायचं? मला बॉम्बपेक्षा या खोटेपणाचाच जास्त संताप आला. तिथे बसून तो कोणाला सांगणार. चेंडू माझ्याकडे आला, तो परत टाकला.

बिल्बाओ ओलांडून पुढे पोर्तुगालेतेला पोचलो. त्याला लागूनच सांतुर्त्सी बंदर. गेर्निकानंतर महिन्याभरात, मे १९३७ मध्ये, इथूनच ‘हबाना’ जहाजाने सुमारे ४००० मुलं आईबापांविना इंग्लंडला साउदॅम्प्टनला धाडली. तीन महिन्यांसाठी, असं सांगून. काहीशे मुलं कायमची तिकडेच राहिली.

वारीत आया लेकरांच्या खिशात नाव-गावाची चिठ्ठी घालतात, गर्दीत हरवलं तर सापडावं म्हणून. या पोरांच्या कपड्यांना पुठ्ठ्याचा षटकोनी बिल्ला टाचलेला होता. त्यावर नंबर.