गिझर बिचारा निर्दोष होता

मे महिन्यात आम्ही कोथरूडच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा गिझर लावायचा प्रश्नच नव्हता, टाकीतलंच पाणी असं यायचं की डायरेक्ट चहापत्ती टाकावी. जूनमध्ये जोरदार पाऊस झाला, सकाळी गिझरचं बटण दाबलं आणि खट्ट! अख्ख्या घराची लाईट गेली. दाराच्या वरचा एमसीबीचा (म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा) बॉक्स उघडला, पडलेला खटका वर केला, लाईट आली, परत गिझर लावला, परत खट्ट.

घरमालक काकांना फोन केला तर त्यांचं ठरलेलं वाक्य, "तुमच्या आधी राहायचे त्यांना तर कधी प्रॉब्लेम आला नाही." त्यांनीच वायरमन पाठवला. त्याने गिझरकडे बघून दोन मिनिटांत निकाल दिला, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलंय. १४०० रुपये देऊन नवीन एलिमेंट बसवलं. बटण दाबलं. खट्ट. मग तो म्हणाला, "मॅडम, हे ईएलसीबी जास्त सेन्सिटिव्ह आहे, काढून डायरेक्ट करून देतो, ५०० रुपये द्या." नवरा जवळजवळ तयारच झाला होता कारण त्याला नऊच्या आत आंघोळ करून निघायचं होतं. मी नाही म्हटलं. मला काही फार कळत होतं अशातला भाग नाही, पण ओल्या बाथरूमचं काम आहे आणि घरात पहिलीतली पोरगी आहे, जी वस्तू पडते ती उगाच पडत नसेल एवढंच डोक्यात होतं. पुढचे दहा-बारा दिवस गॅसवर पातेलं.

मग एका लग्नाच्या निमित्ताने कराडहून मामा आला. मामा साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला होता, रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी मल्टिमीटर बॅगेत असतोच, औषधांच्या डबीच्या शेजारी. त्याने पहिला प्रश्न विचारला तो तोपर्यंत आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता. "अगं पडतंय कोण, एमसीबी का ईएलसीबी?"

बघितलं तर गिझरचा स्वतःचा २० अँपिअरचा एमसीबी ताठ उभा. पडत होतं ते शेजारचं रुंद, टी (म्हणजे टेस्ट) लिहिलेलं बटण असलेलं ईएलसीबी, कोणाला शॉक बसू नये म्हणून करंट कुठे गळला की लाईट तोडणारं. (त्याला आता आरसीसीबी म्हणतात पण मामा काय आणि दुकानदार काय, सगळे ईएलसीबीच म्हणतात.) मामा म्हणाला, लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर एमसीबी पडला असता, म्हणजे ते दोन्ही नाही, हिशेब कुठेतरी चुकतोय. मग त्याने गिझरचा प्लग उपसला आणि त्याच पॉइंटमध्ये आमची इस्त्री लावली. खट्ट! तीच इस्त्री हॉलमध्ये नेऊन लावली, मस्त तापली. मग गिझरच्या पॉइंटला देवघरातला अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा लावला, तर काहीच पडलं नाही, दिवा आपला जळतोय शांतपणे.

"गिझर बिचारा निर्दोष आहे गं," मामा म्हणाला, "तुझा न्यूट्रल चोरवाटेने जातोय."

त्याने समजावलं ते असं. ईएलसीबी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. फेजच्या वायरमधून करंट गेला किती आणि न्यूट्रलच्या वायरमधून परत आला किती, दोन्ही आकडे सारखे पाहिजेत, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो गेट बंद करणारच. आमचा गिझर २ किलोवॉटचा, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर करंट गेटमधून आत जायचा आणि परत येताना मागच्या भिंतीवरून उडी मारून यायचा, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये परत आल्याची नोंदच नाही. देवघरातल्या दिव्याचा करंट इतका किरकोळ की वॉचमनने दुर्लक्ष केलं.

मग खाली मीटर रूममध्ये जाऊन आमच्या फ्लॅटचा मेन बंद केला, वर येऊन टेस्टरने खात्री केली आणि बॉक्सचं पुढचं कव्हर काढलं. आत विटांचा भुगा, पालीचं एक अंडं आणि न्यूट्रलच्या दोन पट्ट्या. एक ईएलसीबीच्या नंतरची, तिच्यात घरातल्या सगळ्या काळ्या वायरी. दुसरी छोटी, ईएलसीबीच्या आधीची, तिच्यातून एक तोडून टेप गुंडाळलेलं टोक बाहेर आलेलं आणि शेजारच्या स्क्रूमध्ये एक चकचकीत नवी काळी वायर. मामाने ईएलसीबी पाडून ठेवलं, मीटरची एक पिन इनकमिंग न्यूट्रलला आणि दुसरी गिझर पॉइंटच्या न्यूट्रलला लावली. बीप, म्हणजे दोन्ही जोडलेले. ईएलसीबी पाडलेलं असताना यायलाच नको होता तो आवाज.

आता गोष्ट जुळली. आधीच्या भाडेकरूंचा इन्व्हर्टर होता, त्याच्यासाठी कोणीतरी ती छोटी पट्टी काढली होती, ते जाताना इन्व्हर्टर घेऊन गेले. मग आम्ही येण्याआधी काकांनी बाथरूम नवीन केलं, गिझरची नवी वायर ओढली आणि ज्याने ओढली त्याला रिकामा स्क्रू दिसला तिथे त्याने ती कसली. आधीच्यांना प्रॉब्लेम नव्हता हे काका खरंच बोलत होते!

ती वायर उचलून योग्य पट्टीत टाकायची तर चार बोटं कमी पडत होती. मी म्हटलं जॉइंट मार, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला गेले. शेवटी पाइपातून सैल वायर हळूहळू ओढून घेतली, अर्धा तास गेला त्यात. मेन चालू, गिझर चालू, सगळे श्वास धरून. काहीच झालं नाही. मग मामाने मुद्दाम टी बटण दाबलं, खट्ट, घर अंधारात, आतून पोरगी ओरडली "परत बिघडलं!"

"हे काढून डायरेक्ट केलं असतंस ना," मामा म्हणाला, "तर गिझर झकास चालला असता. तेच वाईट झालं असतं."

बॉक्स उघडलाच होता म्हणून नावंही तपासली. 'हॉल' लिहिलेला एमसीबी पाडला तर फ्रिज गप्प झाला, 'किचन' पाडला तर बेडरूमचा पंखा. मामा एकेक पाडणार आणि पोरगी घरभर पळत जाऊन काय बंद झालं ते ओरडून सांगणार, तिचा रविवार भारी गेला. आता चिकटपट्टीवर स्केचपेनने तिच्याच अक्षरात नावं आहेत, 'फ्रिज' मधला फ्रि उलटा आलाय.

काकांना १४०० रुपयांचं विचारलं तर ते म्हणाले पुढच्या महिन्याच्या भाड्यात बघू. जुनं एलिमेंट पिशवीत घालून बाल्कनीत ठेवलंय, मामाने मीटर लावून बघितलं, एकदम ठणठणीत आहे.