पट्टीच्या कडेपाशी

१० जानेवारी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तरायणाच्या आत फियाट ११०० गाडीचा पत्र्याचा डॅशबोर्ड (डॅश) रंगवून झाला पाहिजे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला हेच दिवस चांगले. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगावर दुधाळ झाक चढते.

आज फक्त उघडणं. आधी बॅटरीची निगेटिव्ह, मग मीटरमागची केबल. प्रत्येक वायरला नंबराची चिठ्ठी आणि फोटो. चकचकीत पट्टी समोरून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही, ती मागून स्टडवर (आट्यांच्या खुंट्यांवर) बारीक नटांनी धरलेली असते. गंजलेल्या नटांना डब्ल्यूडी-४० चा गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं. जोर केला तर स्टड मुळातून तुटतो, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला साधा सोल्डरचा डागही देता येत नाही.

११ जानेवारी

घासण्याआधी धुणं. वर्षानुवर्षं डॅशवर मारलेल्या पॉलिशच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. तसंच घासलं तर ते ओरखड्यांत बसतं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. साबणपाणी, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, दर पुसण्याला कापडाची नवी घडी.

थिनरचा बोळा कोपऱ्यात दाबला, रंग विरघळून कापडावर आला, म्हणजे जुना थर एनसीचा. त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला तर जुना थर सुरकुततो. शिवाय पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते काम पेंट बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावूनच करायचं. अंगणात एनसीच बरा, तोही कार्ट्रिजचा मास्क लावून.

१८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा उघडा, ३२० ने ओरखडे मऊ, लगेच इपॉक्सी प्रायमर. उघड्या पत्र्यावर हाताचा घाम लागला की सकाळी बोटांचे तांबडे ठसे दिसतात. एका डॅशला पाव लिटर प्रायमर आणि पाव लिटर रंग पुरतो.

१३ जानेवारी

प्रायमर ६०० च्या वॉटर पेपरने घासून मास्किंग. सगळा जीव यात आहे.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरचं नाव रिव्हेटने बसवलेलं आहे, म्हणून ते जागेवरच राहिलं. त्याच्या कडेने ३ मिलिमीटरची फाइन लाइन टेप, तिच्यावर साधी मास्किंग टेप, वर खाकी कागद. वर्तमानपत्राची शाई थिनरने उतरते. वळणावर टेप ताणायची नाही, ताणलेली टेप आकसते आणि रात्रीतून कड सोडते, म्हणून मास्किंग आणि रंग एकाच दिवशी. टेपची धार दातकोरणीने अक्षराच्या बुडाशी खोचायची. केसभर टेप पत्र्यावर उतरली तर तिथे प्रायमरची राखाडी रेघ उरते, आणि ती नंतर ब्रशने कधीच नीट झाकत नाही.

आणखी एक जागा झाकायची, ती बहुतेक जण विसरतात. मीटर आणि दिव्यांची अर्थिंग पत्र्यातूनच मिळते. ब्रॅकेटच्या भोकांमागे रुपयाएवढी गोल टेप लावली. तिथे रंग बसला की दिवे मंद होतात, पेट्रोलचा काटा भलतंच दाखवतो आणि दोष वायरिंगवर जातो.

फवारा अक्षराकडून बाहेर, पहिला हात पातळ, जवळपास कोरडा, म्हणजे टेपची धार बंद होते. नंतर दहा-दहा मिनिटांनी तीन हात. डॅशच्या वरच्या माथ्यावर चकाकी नकोच, इथल्या एप्रिलच्या उन्हात तीच काचेत दिसते. तिथे मॅट.

शेवटच्या हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी टेप काढली, स्वतःवर दुमडत, सावकाश. एनसी पुरता वाळल्यावर टेप ओढली तर कडेचे टवके उडतात. टेपचा गोंद राहिला तर रॉकेलने पुसायचा. थिनर लागला तर मीटरच्या प्लॅस्टिकला तडे जातात.

१६ जानेवारी

वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस) संपलं, आज जोडणी. नॉबवरची खोलगट अक्षरं आधी भरली: पांढरा इनॅमल बारीक ब्रशने ओतप्रोत, पाच मिनिटांनी कडक पुठ्ठ्याला गुंडाळलेलं, टर्पेंटाइनने जेमतेम ओलं कापड वरून एकदाच फिरवायचं. मऊ कापड खाचेत शिरतं आणि अक्षर पुसून नेतं.

पट्टीचे नट हाताने बसेपर्यंत आणि वर पाव फेरा, खाली फायबरचा वॉशर. एनसी आतून काही आठवडे मऊच असतो, आता आवळलं तर पट्टी रंगात रुतते.